सुधाकरदादाच्या निंबाला ओटा नको

नाना, कॉलनीतली सगळी मंडळी, धुळ्याहून, शिरपूरहून, भडगावहून एवढ्या उन्हात आलेली आमची माणसं, आणि दारात बसलेल्या वहिनी.

आमच्या घरात बाईमाणसाने शोकसभेत उभं राहून बोलायची पद्धत नाही. बायकांनी आत बसायचं, रडायचं, आणि रडून झालं की चहाला दूध पुरेल का ते बघायचं. आत्ता सभा चालवणाऱ्या नानांनी माझं नाव पुकारलं तेव्हा तुमच्यातले बरेच जण वळून बघायला लागले. बघा. मीच त्यांना सकाळी सांगितलं होतं, की नाना, मला बोलू द्या. आता उभी राहिले तर शब्द सापडत नाहीत. जसं येईल तसं बोलते. तुम्ही ऐकून घ्या.

मी विमल. सुधाकरची धाकटी बहीण. मला चोपड्याला दिली, त्यामुळे इथल्या पुष्कळांना मी माहीत नाही. तुम्ही त्याला सुधाकरभाऊ म्हणायचात. कोणी झाडांचे डॉक्टर म्हणायचं, ते त्याला मनातून फार आवडायचं, वरून मात्र कपाळाला आठ्या घालायचा. माझा तो दादा.

दादा गेला. काल गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं, दुखवट्याच्या द्वारदर्शनाला आलेली माणसं परत गेली, आणि तरी मला अजून वाटतंय की तो कुठल्या तरी झाडावर आहे आणि जेवायला उशीर करतोय. आई आयुष्यभर म्हणत आली, हा पोरगा एक दिवस झाडावरून पडणार. इतकी वर्षं हा माणूस कमरेला पट्टा बांधून, दोराला लटकून, हातात करवत घेऊन फांद्याफांद्यांवर हिंडला. कधी खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. आणि गेला कसा? दुपारी, खुर्चीत बसून. वहिनी चहा घेऊन आल्या तर मान खाली गेलेली. त्यांना वाटलं, डुलकी लागली. म्हणून त्यांनी कपावर बशी झाकून ठेवली, उठला की गरम मिळावा म्हणून. वहिनींनी मला हे सांगितलं तेव्हापासून मला चहा जात नाही.

त्याचा धंदा नेमका काय, हे आमच्या भडगावच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत कळलं नाही. शेतकी कॉलेजची डिग्री घेतलेला माणूस, बियाण्यांच्या कंपनीत चांगली नोकरी, ती सोडून लोकांच्या अंगणातली झाडं छाटत फिरतो? आमचे काका भरल्या पंगतीत विचारायचे, "सुध्या, तू लाकूडतोड्या व्हयना का रे?" दादा म्हणायचा, "हो काका, फक्त माझं गिऱ्हाईक जिवंत राहतं." तुम्हाला तरी माहीत आहे तो काय करायचा. कोणाची फांदी गच्चीवर आली, कोणाच्या झाडाचा शेंडा विजेच्या तारांत गेला, कोणाला नवं घर बांधायचंय आणि प्लॉटवर जुनं चिंचेचं झाड आहे, की पहिला फोन दादाला. तो यायचा, आणि सगळे वर बघत असताना हा खाली बघायचा. उकिडवा बसायचा, बुंध्याजवळची माती बोटांनी उकरायचा. म्हणायचा, विमल, झाड जमिनीत शिरताना रुंद होत गेलं पाहिजे, परकराच्या घेरासारखं. खांबासारखं सरळ आत गेलं असेल तर समजायचं, वर भराव टाकून याला कोणीतरी पुरलंय.

तिरकस बोलायची तर त्याला भारी हौस. शिरपूरला एका घरी बोलावलं होतं. मालक म्हणाले, "भाऊ, झाड काढूनच टाका, फार पानं सांडतात." दादा म्हणाला, "नातवंडं जेवताना किती सांडतात? त्यांचं काय करता?" त्या माणसाला आधी राग आला, मग हसू आलं, आणि झाड राहिलं. मलाही सोडायचा नाही. आम्ही केळीवाले ना. म्हणायचा, "तुमच्याकडे झाड म्हणजे एका घडापुरतं. घड उतरला की कोयता. तुला निंबाचं काय कळणार?" मी म्हणायचे, पैसे केळीनेच दिसतात हो, निंबाने नाही. असं आमचं चालायचं. आता कोणाशी भांडू?

पण मंडळी, ज्यांना झाड नको असायचं त्यांच्याशी दादाचं फार भांडण नव्हतं. त्यांना तो समजवायचा, हसवायचा, नाहीच ऐकलं तर तोंड पाडून घरी यायचा. त्याची खरी भांडणं झाली ती झाडावर जीव टाकणाऱ्यांशी. बुंधा छान दिसावा म्हणून ऑइलपेंट फासणारे. दिवाळीची रोषणाई करायला खिळे ठोकणारे. भर पावसातही रोज बादलीभर पाणी ओतणारे. धुळ्याला एका अक्कांच्या अंगणात बेलाचं झाड होतं. त्यांनी मोठ्या भक्तीने त्याच्या सभोवती संगमरवर बसवला, अगदी खोडाला भिडवून, आणि रोज दूध वाहायच्या. बेल पिवळा पडायला लागला. दादा म्हणाला, "अक्का, देवाला श्वास लागत नसेल, झाडाला लागतो. ही फरशी काढा." अक्कांनी त्याला नास्तिक ठरवून घालवून दिलं. घरी येऊन मला फोन केला. शिव्या खाल्ल्या त्याचं त्याला काही नव्हतं. बेलाचं वाईट वाटत होतं, आणि चहा मिळाला नाही त्याचंही.

आता मी ज्यासाठी उभी राहिले ते बोलते.

तुम्ही सगळे आत्ता ज्याच्या सावलीत बसला आहात, तो हा निंब. दादाने इथे प्लॉट घेतला तेव्हा हा आधीपासून उभा होता. इंजिनिअर म्हणाला, झाड काढा, पोर्च होईल, गाडी आत लागेल. दादाने घर मागे सरकवलं. पुढची भिंत आहे ना, ती मध्येच वळलेली, तिला तुम्ही सगळे हसलात. वहिनींचा पोर्च गेला तो गेलाच. गाडी रस्त्यावर, आणि अंगणात हा.

आणि फाटकाजवळ बघा. फरशीची चवड आहे. सिमेंटच्या गोण्या आहेत, रेती आहे. कापडाखाली काळा ग्रॅनाइट आहे, त्यावर दादाचं नाव कोरलंय. उद्या सकाळी गवंडी येणार आहे. या निंबाभोवती गोल ओटा बांधायचा, आत भराव टाकायचा, वर फरशी बसवायची, समोर नाव लावायचं. लोक बसतील, सुधाकरभाऊंची आठवण काढतील. कल्पना नानांची, आणि निलेशची. निलेश माझा भाचा, दादाचा एकुलता एक. तुम्ही सगळ्यांनी ती उचलून धरलीत. कोणी रेती दिली, कोणी मजुरी. प्रेमानेच दिलीत. ते मला कळत नाही असं समजू नका.

फाटकात ती फरशी उतरलेली बघितली आणि मी तिथेच खाली बसले. वहिनी समजल्या, भावाच्या आठवणीने. तसं नव्हतं.

एकनाथ मागे उभा आहे. दादा वर असायचा तेव्हा खालून दोर धरणारा हाच. आज सकाळी तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "अक्का, हा ओटा बरोबर नाही. पण मी कसं बोलू? भाऊंचं स्मारक नको म्हणतो, असं होईल." मी म्हटलं, तू नको बोलूस. मी बोलते. बहीण आहे, मला कोण काय म्हणणार आहे?

तर ऐका. ही गोष्ट दादाने इथे कोणाला सांगितली नाही. निलेश, तुलाही नाही. वहिनींना माहीत आहे की नाही, मला खरंच ठाऊक नाही.

भडगावला आमच्या घरापुढेही असाच एक निंब होता. आमच्या वडिलांनी लावलेला. आखाजीच्या सणाला मी माहेरी आले की त्याच्याच फांदीला झोका. दादा झोका बांधायचा तर फांदीवर आधी गोणपाट गुंडाळायचा, सालीला दोर काचू नये म्हणून. गल्लीतल्या सगळ्या पोरी यायच्या, गाणी म्हणायच्या. वडील त्याच निंबाखाली बाज टाकून बसायचे. म्हणायचे, झोका हळू घ्या गं. कोणी हळू घेत नव्हतं.

वडील गेले. दादा तेव्हा नुकताच नोकरीला लागला होता. त्याला वाटलं, आपण बापासाठी काही केलं नाही. पहिल्या पगाराचं धोतरसुद्धा द्यायचं राहिलं होतं. मग त्याने काय केलं? त्याने त्या निंबाला ओटा बांधला. स्वतःच्या हाताने. डिग्री होती बरं का घरात, भिंतीवर फ्रेम करून लावलेली. मुळं काय, माती काय, सगळं शिकलेला माणूस. पण दुःखात शिकलेलं आठवत नाही मंडळी. त्याने गोल चर खणला, मनगटाएवढी मुळं मध्ये आली ती कुऱ्हाडीने तोडली. आतून मुरूम भरला, चोपून चोपून. वर शहाबादी फरशी घातली, सांधे सिमेंटने भरले. एक फट ठेवली नाही. आणि वडिलांचं नाव लावलं.

सगळ्या गावाने वाहवा केली. असा मुलगा पाहिजे म्हणाले. संध्याकाळी म्हातारी माणसं येऊन बसायची. आई रोज फरशी पुसायची, माझ्या सासरच्यांना कौतुकाने दाखवायची. मलाही अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू?

पुढच्या उन्हाळ्यात शेंडा वाळला. दादा म्हणाला, यंदा ऊन फार आहे. मग एका बाजूची फांदी गेली. त्याने जास्त पाणी घातलं. पाणी फरशीवरून वाहून गटारीला गेलं, मुळापर्यंत पोचलंच नाही. मग खाली साल सुटायला लागली, दाबलं की बोट आत जायचं. तोवर त्याला कळलं होतं. त्याने पहार घेऊन ओटा फोडला, नावासकट. पण उशीर झाला होता. आतला बुंधा ओला, काळा, वास मारत होता. घरावर पडेल म्हणून शेवटी तो निंब उतरवावा लागला. तेही दादानेच केलं. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

मी गेले होते तेव्हा. आई दारात बसली होती. वडील गेले तेव्हा ती मोठ्याने रडली होती, त्या दिवशी रडली नाही. दादा कुऱ्हाड ठेवून तिच्याजवळ आला, तर त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "सुधा, तुना बाप दोन दाव गया रे."

तुझा बाप दोनदा गेला.

ती रागाने बोलली नव्हती. मला तर वाटतं, ती त्याला सांगतही नव्हती, स्वतःशीच बोलली. पण दादाने ते ऐकलं. नोकरी त्याने त्यानंतर सोडली. तुम्हाला वाटतं त्याला झाडांचं वेड होतं. वेड बिड काही नाही. आईचं ते वाक्य फेडत होता तो, आयुष्यभर, लोकांच्या अंगणात उकिडवा बसून.



आता सांगा नाना, माझ्या भावाला दोनदा घालवायचं का?

नाना, तुम्ही मान खाली घालू नका. तुमच्यावर माझा राग नाही. वाईट माणसाने झाड मारलं तर आपण ओरडू तरी शकतो. इथे सगळेच त्याच्यावर जीव टाकणारे, म्हणून मला हे बोलणं इतकं जड जातंय. शोकसभेत कोणी वाद घालत नाही, मलाही कळतं. पण गवंडी उद्या येणार आहे. मी परवा बोलून काय उपयोग?

निलेश. काय म्हणतोस? मोठ्याने म्हण, मला कमी ऐकू येतं.

तो म्हणतोय, "आत्या, मग पप्पांचं राहिलं काय?"

बरोबर विचारलंस बेटा. मीही हाच विचार करत होते, रात्रंदिवस माणसं येत-जात होती तेव्हा. काय राहिलं त्याचं? शेतकऱ्याचं शेत राहतं, दुकानदाराचं दुकान राहतं. तुझ्या बापाने ज्या झाडाची फांदी नीट कापली, तिथे काही वर्षांनी सालच येते. जागा झाकून जाते. कोणी दाखवलं नाही तर कळणारही नाही की इथे कधी करवत लागली होती. ज्या झाडावर काम कळून येतं ना, ते काम बिघडलेलं असतं, असं तो म्हणायचा. मग सांग, काय दाखवू तुला? काही दाखवता येत नाही. धुळ्याला, शिरपूरला, इथे जळगावात, लोकांच्या अंगणात झाडं आहेत आणि त्या लोकांना वाटतं ती आपोआप आहेत. हे असं आहे. मला याचं दुःख होतं. तुलाही होऊ दे. ते फरशीने झाकलं जाणार नाही.

तो ग्रॅनाइट वाया जाऊ देऊ नकोस. घराच्या त्या वाकड्या भिंतीत बसव. नाव तिथे शोभेल, ती भिंत त्याच्याच हट्टाची आहे. फरशी अंगणापासून लांब, कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये बाकाखाली घाला. इथली माती मात्र उघडी राहू द्या. पालापाचोळा पडला तर पडू द्या, झाडून लख्ख करू नका. खुर्च्या टाका, बाज टाका, बसा किती बसायचं ते.

वहिनी काही म्हणताहेत. जरा शांत राहा, त्यांचं ऐकू द्या.

ऐकलंत का मागच्यांनी? वहिनी म्हणताहेत, "या निंबापायी मी पोर्चवर पाणी सोडलं. जन्मभर त्यांना बोल लावले. आता त्याला फरशीखाली घालू देईन होय? गवंड्याला मीच सांगते, येऊ नको म्हणून."

वहिनी... 

झालं तर मग. निलेश, ये इकडे. ये, माझ्याजवळ उभा राहा. रडतोस ते बरं करतोस, इतके दिवस पोराने डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता, नुसता सिमेंट आणि रेतीचे फोन करत होता.

मंडळी, मी फार बोलले. कोणाचं मन दुखावलं असेल तर चोपड्याच्या बाईची जीभ म्हणून सोडून द्या. आता आपण सगळे उठू. शक्य असेल त्यांनी चपला काढा, मातीवर उभे राहा. थोडा वेळ कोणी बोलू नका. फोन आला तर वाजू द्या, उचलू नका.

दादा, आम्ही काही करणार नाही रे. काहीही करणार नाही. तू निश्चिंत जा.